कोरड्या विहिरीत शून्य: नकाशाच्या तक्त्यात कॉलमचा प्रकार चुकला की काय होते

बीड जिल्ह्यातल्या बालाघाटच्या डोंगररांगेतला एक पाणलोट. मे महिन्यातली विहिरींची पाणीपातळी नकाशावर मांडायची आहे. क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये बिंदू चढवले, आयडीडब्ल्यू पद्धतीने (मधल्या जागेची किंमत आसपासच्या बिंदूंवरून, जवळच्याला जास्त वजन देऊन काढणे) पृष्ठभाग तयार केला आणि पाणी जितके वर तितका निळा गडद, असे रंग दिले. नकाशा देखणा झाला. पण सर्वांत गडद निळे ठिपके उमटले ते माथ्यावरच्या वाड्यांमध्ये, म्हणजे जिथल्या विहिरी फेब्रुवारीतच तळाला जातात आणि मेमध्ये टँकर लागतो तिथे.

गणित बरोबर होते, सॉफ्टवेअरमध्येही दोष नव्हता. चूक तक्त्यात होती, आणि ती कॉलम तयार करताना निवडलेल्या प्रकारामुळे (संख्या, मजकूर की तारीख) शिरली होती. पुढचे प्रकरण समजावण्यासाठी उभे केलेले आहे. त्यातली गावे आणि विहिरींची मापे नमुन्याची आहेत, पण प्रत्येक चूक मराठवाड्यातल्या गट-गाव-विहीर अशा डेटावर काम करणाऱ्या कोणासमोरही येणारी आहे. ती कुठून येते, कशी ओळखायची आणि तक्ता पुन्हा कसा बांधायचा, हे इथे क्रमाने घेतले आहे.

हातात काय होते

तीन फायली. पहिली गावांची यादी, एक्सेलमध्ये: जनगणनेचे कोड, गावाचे नाव, तालुका, जिल्हा. दुसरी गटांच्या हद्दींची शेपफाइल, म्हणजे नकाशाच्या डेटाची एक जुनी, सर्रास चालणारी फाइल: गट नंबर, सातबाऱ्यावरचे क्षेत्र, पोटखराबा. तिसरी विहिरींची: मोबाइलवर भरलेली नोंद, मग एक्सेल, मग सीएसव्ही (स्वल्पविरामांनी तोडलेला साधा मजकूर), मग शेपफाइल. एकाच डेटाने चार घरे बदलली आणि प्रत्येक बदलात कोणीतरी आपल्या अंदाजाने कॉलमचा प्रकार ठरवला. कधी माणसाने, बहुतेक वेळा सॉफ्टवेअरने.

पुढचे समजायला शेपफाइलचा स्वभाव माहीत हवा. तिच्यातला गुणधर्मांचा भाग म्हणजे डीबीएफ, डीबेस या जुन्या डेटाबेसच्या काळातली फाइल. कॉलमच्या नावाला 10 बाइट, मजकुराला जास्तीत जास्त 254 बाइट, तारखेला फक्त वर्ष-महिना-दिवस, वेळेला जागाच नाही. संख्यासुद्धा आत अंकांच्या रूपात, ठरलेल्या रुंदीत लिहिली जाते. आणि ‘इथे काहीच मोजलेले नाही’ हे सांगायची सर्वमान्य सोय संख्येच्या कॉलममध्ये नाही. क्यूजीआयएस ज्या जीडीएएल लायब्ररीवर चालते, ती अशा जागी ताऱ्यांच्या खुणा भरते आणि वाचताना त्यांना रिकामे समजते. आर्कजीआयएस या दुसऱ्या नकाशा-सॉफ्टवेअरमधून शेपफाइल काढली तर बहुतेक साधने त्या जागी सरळ 0 लिहितात.

शून्य आणि ‘माहीत नाही’

निळ्या ठिपक्यांचे मूळ हेच. कोरड्या विहिरीत पातळी मोजता येत नाही, म्हणून नोंद करणाऱ्याने रकाना मोकळा सोडला. आर्कजीआयएसमधून शेपफाइल होताना तिथे 0 बसला. पाणीपातळी जमिनीपासून खाली किती मीटर अशी मोजतात, त्यामुळे 0 म्हणजे पाणी काठोकाठ. आयडीडब्ल्यू प्रत्येक बिंदूवर दिलेली किंमत तशीच राखते, म्हणून कोरडी विहीर नकाशावर तुडुंब झाली.

सरासरीवरही तेच. एका गावात पाच विहिरी: 14.2, 16.8 आणि 15.5 मीटर, दोन कोरड्या. मोजलेल्या तिन्हींची सरासरी 15.5 मीटर. कोरड्यांना शून्य धरले तर 9.3 मीटर. सहा मीटर पाणी कागदावर वाढले, आणि टँकरच्या प्रस्तावाला असाच तक्ता जोडला तर त्या गावाचे नुकसान ठरलेले.

कोणी म्हणेल, शून्याऐवजी 9999 टाका. तो उपाय अधिक वाईट. शून्य निदान ओळखीचा असतो. 9999 कधीतरी कोणाच्या तरी बेरजेत शिरतोच, आणि रुंदी कमी असलेल्या कॉलममध्ये तो 999 होऊन बसला तर खोल बोअरची खरी पातळी वाटतो.

योग्य मांडणी दोन कॉलमची आहे. एक ‘स्थिती’, ज्यात ठरलेल्या तीनच किंमती: मोजली, कोरडी, मोजता आली नाही. बोअरला झाकण वेल्ड केलेले असते, मोटार अडकलेली असते, शेतमालक गावात नसतो. ही तिसरी अवस्था कोरडीपेक्षा वेगळी आहे आणि तिला स्वतंत्र जागा मिळालीच पाहिजे. दुसरा कॉलम पातळीचा, दशांश संख्येचा, रिकामा राहू शकणारा. दोन्हींना बांधणारी अट डेटाबेसमध्येच घालायची: स्थिती ‘मोजली’ असेल तर पातळी भरलेली हवी, नसेल तर रिकामीच हवी. पोस्टग्रेएसक्यूएल या मोफत डेटाबेसमध्ये ही ‘चेक’ची एक ओळ आहे. ती घातली की कोरड्या विहिरीत शून्य टाकणारी नोंद आतच जात नाही.

यासोबत विहिरीची एकूण खोली वेगळ्या कॉलममध्ये ठेवावी. मग कोरड्या विहिरीबद्दल ‘पातळी 18 मीटरपेक्षा खाली’ एवढे तरी म्हणता येते. नुसती 15.5 ही सरासरीही अपुरी आहे, कारण सर्वांत वाईट दोन विहिरी तिच्यात नाहीत. अहवालात सरासरीशेजारी कोरड्या विहिरींची संख्या यायला हवी.

पाच आकडे म्हणजे किती

पातळीच्या कॉलमला रुंदी 5, दशांश 2 दिले होते. पोस्टग्रेएसक्यूएलच्या न्यूमेरिक प्रकारात 5,2 म्हणजे एकूण पाच अंक, त्यातले दोन बिंदूनंतरचे: 999.99 पर्यंत. डीबीएफमध्ये मात्र रुंदीत दशांश बिंदूही मोजतात. तिथे 5,2 म्हणजे 99.99 पर्यंतच. साध्या विहिरींना हे पुरते. सातशे फुटांची बोअर 213.36 मीटर होते आणि ती मावत नाही. डीबीएफमध्ये किमान 6,2 हवे, ऋण किंमत येणार असेल तर आणखी एक.

फूट-मीटरचा घोळ प्रकाराच्या निवडीने सुटत नाही, पण कॉलमच्या रचनेने सुटतो. लोक खोली फुटांत सांगतात, जुनी माणसे परसांत. परस हे माप प्रत्येक गावात सारखे असेलच असे नाही, म्हणून त्याचे मीटर करायला जाऊ नये. टेप सोडून मोजावे. फुटांत आलेले माप जसे सांगितले तसे एका कॉलममध्ये, एकक शेजारच्या कॉलममध्ये, आणि मीटरचा कॉलम डेटाबेसने स्वतः काढलेला: 1 फूट म्हणजे 0.3048 मीटर. पोस्टग्रेएसक्यूएल 12 पासून असा ‘जनरेटेड’ कॉलम तयार करता येतो. त्यात हाताने कोणी काही लिहूच शकत नाही. कठड्याच्या उंचीलाही वेगळा कॉलम द्यावा. कठड्यावरून टेप 16 मीटर दाखवत असेल आणि कठडा जमिनीपासून 0.8 मीटर असेल, तर पातळी 15.2 मीटर. ही वजाबाकी मनात करून लिहिली की पुढच्या वर्षी दुसरा माणूस ती करणार नाही, आणि पातळी ऐंशी सेंटिमीटरने खालावल्याचे खोटेच दिसेल.

कोड ही संख्या नव्हे

गावांची यादी हद्दींच्या थराला (लेयरला) जोडली तर एकही गाव जुळेना. 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्राचा कोड 27, बीडचा 523, तालुक्याचा कोड पाच अंकी आणि गावाचा सहा अंकी. महाराष्ट्रातल्या तालुक्यांचे पाच अंकी कोड शून्याने सुरू होतात. एक्सेलने तो शून्य गिळला आणि कोड चार अंकी झाला. इथे तालुका आणि गाव असे दोन कोड जोडून जुळवणीची किल्ली केली होती, म्हणून एकीकडे ती अकरा अक्षरांची आणि दुसरीकडे दहाची.

क्यूजीआयएसमध्ये अशी जोडणी चूक दाखवत नाही. कॉलम येतात, आत सगळे रिकामे असते. पोस्टग्रेएसक्यूएल मजकूर आणि पूर्णांक यांची तुलना करायला सरळ नकार देतो आणि काम थांबते. थांबणे हेच चांगले.

यावरचा नियम: ज्या आकड्यांची बेरीज किंवा सरासरी कधीच काढायची नाही, ते मजकुराच्या कॉलममध्ये. जनगणनेचा कोड, पिनकोड, वीज ग्राहक क्रमांक, मोबाइल नंबर. मोबाइलचे तर दुसरेही कारण आहे. 32 बिटचा पूर्णांक 2,147,483,647 वर संपतो, त्यामुळे 9 ने सुरू होणारा दहा अंकी नंबर त्यात बसतच नाही.

हरवलेला शून्य परत आणता येतो, कारण कोडची लांबी ठरलेली आहे. पोस्टग्रेएसक्यूएल आणि क्यूजीआयएस दोन्हींत ‘एलपॅड’ हे फंक्शन आहे: पाच अक्षरे होईपर्यंत डावीकडे शून्य भरा. पण आधीच्या टप्प्यावरच अडवणे सोपे. क्यूजीआयएसमध्ये सीएसव्ही ‘डिलिमिटेड टेक्स्ट’मधून घेताना कॉलमचे प्रकार आपोआप ओळखण्याची खूण काढून टाका. किंवा सीएसव्हीच्याच नावाची, सीएसव्हीटी विस्तार असलेली एक ओळीची फाइल शेजारी ठेवा. तिच्यात प्रत्येक कॉलमचा प्रकार स्वल्पविरामाने लिहिलेला असतो, आणि कोडच्या जागी स्ट्रिंग लिहायचे.

नावावरून जोडणी करण्याचा मोह टाळावा. 2023 मध्ये औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले. जुन्या फायलींत जुनी नावे, नव्यांत नवी. कोड मात्र 515 आणि 525 हेच. शिवाय ‘पिंपळगाव’ एका तालुक्यात एकापेक्षा जास्त असू शकतात, ‘बुद्रुक’ कुठे पूर्ण लिहिलेले असते तर कुठे ‘बु.’, कुठे मध्ये जागा असते तर कुठे नसते.

गट नंबरचे फेब्रुवारी

गट नंबर 5, हिस्सा 2. एक्सेलमध्ये 5/2 लिहिले आणि एंटर दाबताच ते 05-Feb या रूपातली, पाच फेब्रुवारी ही तारीख झाले. ज्या गटाचा आकडा 31 पर्यंत आणि हिस्सा 12 पर्यंत, त्या प्रत्येकाला हा धोका. आत एक्सेल दिवसांचा क्रमांक ठेवतो. 2024 मध्ये टाइप केले असेल तर 45327. ती फाइल क्यूजीआयएसने वाचली की कुठे तारीख दिसते, कुठे हा पाच आकडी गट, जो कोणत्याच गावात नसतो.

उलट फिरवता येईल असे वाटते, पण खात्री नसते. संगणकाची तारखेची मांडणी दिवस-महिना असेल तर पाच फेब्रुवारी म्हणजे 5/2. महिना-दिवस असेल तर तीच तारीख 2/5 या गटाची. दोन्ही गट गावात असतात. म्हणून तारीख झालेल्या ओळी मूळ सातबाऱ्यावरून पुन्हा भराव्या लागतात. अंदाजाने दुरुस्त केल्या तर एकाची विहीर दुसऱ्याच्या नावावर जाते. पुढच्या वेळी पत्रक सुरू करण्याआधी तो कॉलम ‘टेक्स्ट’ करून ठेवावा. भरून झाल्यावर बदलल्यास उपयोग नाही, कारण तोवर तारीख झालेली असते.

गट नंबर मजकुरात ठेवला की दुसरी अडचण येते: क्रम 1, 10, 100, 2 असा लागतो. छापील यादी तलाठ्याच्या हाती द्यायची असेल तर हे चालत नाही. उपाय असा की मूळ गट नंबर मजकुरात जसाच्या तसा ठेवायचा आणि त्यातला पहिला आकडा वेगळ्या पूर्णांक कॉलममध्ये काढायचा, उरलेला ‘2/अ’ हिस्सा तिसऱ्या, मजकुराच्या कॉलममध्ये. क्रम आधी आकड्याने, मग हिस्स्याने.

एक हेक्टर पाच आर, की पन्नास?

या प्रकरणातली सर्वांत महागडी चूक हीच, कारण ती कुठेही चूक म्हणून दिसत नाही.

सातबाऱ्यावर क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असे बिंदूंनी तोडून लिहितात. एक हेक्टर पाच आर म्हणजे 1.05.00. दोन बिंदू असलेले हे लेखन कोणत्याही संख्येच्या कॉलममध्ये बसत नाही, म्हणून भरणाऱ्याने शेवटचा भाग सोडला. काहींनी 1.05 लिहिले. काहींनी तोंडी उच्चारासारखे 1.5 लिहिले: एक हेक्टर, पाच आर. आणि ज्यांनी दीड हेक्टरसाठी नीट 1.50 लिहिले, त्यांचा शेवटचा शून्य एक्सेलच्या संख्या-कॉलमने गाळला. आता तक्त्यात दोन ठिकाणी 1.5 आहे. एक 10,500 चौरस मीटर, दुसरा 15,000. त्या कॉलमकडे बघून फरक सांगणे अशक्य.

एक हेक्टर पाच आरांत हा घोटाळा जेमतेम दीडपटीचा दिसतो, पण लहान तुकड्यांवर तो फार वाढतो. 0.9 म्हणजे नऊ आर की नव्वद? दहापट फरक. नुकसानभरपाई किंवा ठिबकचे अनुदान क्षेत्रावर ठरत असेल तर काय होईल ते वेगळे सांगायला नको.

सोडवायचा मार्ग आहे, कारण हद्दी हातात आहेत. बिंदूनंतर एकच अंक असलेल्या सगळ्या ओळी आधी वेगळ्या काढा. प्रत्येक गटाचे नकाशावरचे क्षेत्र मोजा आणि दोन्ही शक्यतांशी ताडून बघा. नकाशावर 10,480 चौरस मीटर आले तर ते एक हेक्टर पाच आर. हद्द काढताना झालेली थोडीशी चूक इथे आड येत नाही, कारण 1.05 आणि 1.50 खूप दूर आहेत. पण 4.1 सारखी ओळ आली तर 4.01 आणि 4.10 यांच्यात दोन टक्क्यांचाच फरक आहे. तेवढी चूक हद्दीतही असू शकते. तिथे नकाशाचा कौल मानू नये, सातबारा उघडावा.

मोजमाप मीटरच्या प्रक्षेपणात (गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याच्या पद्धतीत) हवे. यूटीएम हे असे प्रक्षेपण, जगाचे सहा-सहा अंश रेखांशांचे पट्टे पाडणारे. मराठवाड्याचा बहुतेक भाग त्याच्या 43 उत्तर पट्ट्यात येतो, पण किनवटकडचा पूर्व भाग 78 अंश रेखांशाच्या पलीकडे, म्हणजे 44 मध्ये जातो. नांदेड जिल्ह्याचे काम करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

नव्या तक्त्यात क्षेत्र हेक्टरमध्ये ठेवूच नये, असे आमचे ठाम मत आहे. पूर्ण चौरस मीटरमध्ये, पूर्णांक प्रकारात ठेवावे: 10500. दशांश बिंदूच नाही, त्यामुळे संदिग्धताही नाही. नोंदणीच्या फॉर्मवर हेक्टर, आर, चौरस मीटर असे तीन वेगळे रकाने द्यावेत, आर आणि चौरस मीटरला 0 ते 99 ची मर्यादा घालावी, आणि बेरीज डेटाबेसने करावी: हेक्टर गुणिले 10,000, आर गुणिले 100, अधिक चौरस मीटर. शेतकऱ्याला दाखवताना पुन्हा सातबाऱ्याच्या रूपात.

पूर्णांकाचा आणखी एक लाभ. डबल या दशांश संख्येच्या प्रकारात 0.1 दहा वेळा मिळवले तर 1 येत नाही, 0.9999999999999999 येते. एका गटाचे हिस्से मिळवून गटाच्या क्षेत्राशी बरोबरी तपासली की अशा कारणाने ‘जुळत नाही’ असा निकाल येतो, आणि माणूस नसलेली चूक शोधत बसतो. चौरस मीटरच्या पूर्णांकात बरोबरी ती बरोबरी. मर्यादा एवढीच की 32 बिटमध्ये सुमारे 2,147 चौरस किलोमीटर मावतात. गट आणि गाव यांना ते भरपूर. बीड जिल्हा 10,693 चौरस किलोमीटरचा आहे, त्याला 64 बिटचा पूर्णांक लागेल. पोस्टग्रेएसक्यूएल पूर्णांकांची बेरीज आपणहून 64 बिटमध्ये देतो, क्यूजीआयएसच्या फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये प्रकार आपण निवडावा लागतो.

देवनागरीला किती जागा

यूटीएफ-8 या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हे. ‘छत्रपती संभाजीनगर’ वाचताना दहा अक्षरे. आत सोळा चिन्हे आणि एक मोकळी जागा, म्हणजे 49 बाइट. डीबीएफमध्ये कॉलमची रुंदी 20 दिली तर ‘छत्रपत’ एवढेच मावते. कमाल 254 बाइट दिले तरी 84 चिन्हे, त्यामुळे ‘शेरा’ कॉलममध्ये एखादे लांब वाक्यही अर्ध्यावर तुटते.

कॉलमच्या नावांचे तर विचारू नका. दहा बाइटमध्ये ‘गट_नंबर’चे ‘गट_न’ होते. रोमन लिपीतही दहा अक्षरांनंतर नाव कापले जाते. पहिली दहा अक्षरे सारखी असलेले मे आणि ऑक्टोबरच्या पातळीचे दोन कॉलम एकसारखे होतात, मग जीडीएएल दुसऱ्याच्या शेवटी _1 लावते आणि कोणता महिना कोणता ते फक्त करणाऱ्यालाच आठवते. कॉलमची खरी नावे आखूड रोमन ठेवून क्यूजीआयएसमध्ये मराठी उपनाव द्यावे.

पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये व्हारचार या मजकुराच्या प्रकाराची मर्यादा बाइटमध्ये नाही, चिन्हांमध्ये मोजतात, आणि टेक्स्ट प्रकाराला मर्यादा घालावीच लागत नाही. टेक्स्टने वेग कमी होतो हा समज सोडून द्यावा. जिओपॅकेज ही नकाशाच्या डेटाची नवी फाइल आतून एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस असल्याने तिथे टेक्स्टला 20 ची मर्यादा लिहिली तरी एसक्यूलाइट ती पाळायला लावत नाही; तसेच पूर्णांकाच्या कॉलममध्ये अक्षरे घुसली तर ती मुकाट्याने ठेवून घेते. जिओपॅकेजमध्ये पोस्टग्रेएसक्यूएलसारखा अचूक न्यूमेरिक प्रकारही नाही, दशांशाला डबलच. क्षेत्र पूर्णांकात ठेवण्याचे हे आणखी एक कारण.

मराठी अंकही असतात. मोबाइलचा कीबोर्ड मराठीवर असला की १४.२ अशी नोंद येते. माणसाला ती बरोबर वाटते. पोस्टग्रेएसक्यूएल तिला संख्या मानत नाही. ‘ट्रान्स्लेट’ फंक्शनने ०१२३४५६७८९ चे 0123456789 करून मगच रूपांतर करावे. आणि ‘ऱ्या’तला ऱ दोन प्रकारे साठवला जातो, एकसंध चिन्ह म्हणून किंवा र आणि नुक्ता असा. डोळ्याला एकच, तुलनेत वेगळे. पोस्टग्रेएसक्यूएल 13 पासूनचे ‘नॉर्मलाइझ’ हे एकसारखे करते. शब्दात दडलेले शून्य रुंदीचे जोडचिन्ह मात्र ते काढत नाही, ते वेगळे पुसावे लागते.

तारीख, वेळ, अक्षांश

05/06/2024 हा पाच जून की सहा मे, हे मजकुराच्या कॉलममध्ये कायमचे अनुत्तरित राहते. मेचे वाचन पावसाआधीचे आणि जूनचे पाऊस सुरू झाल्यानंतरचे असू शकते, म्हणून इथे तारीख प्रकारच हवा आणि सीएसव्हीत 2024-06-05 अशी मांडणी.

वेळ ठेवायची असेल तर एक बारकावा. स्थिर पातळी मिळावी म्हणून मोटार सुरू होण्याआधी, पहाटे मोजतात. जिओपॅकेजचा डेटटाइम जागतिक वेळेत असतो, जो आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. पहाटे पाचचे वाचन तिथे आदल्या दिवशीच्या 23:30 ला नोंदते. त्यातून नुसती तारीख कापून घेतली की एक दिवस मागे गेलेला दिसतो. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये वेळ-क्षेत्रासह असलेला टाइमस्टँप वापरावा, आणि तारीख काढताना ‘एशिया/कोलकाता’ सांगूनच काढावी.

अक्षांश-रेखांश वेगळ्या कॉलममध्ये हवे असतील तर डबल. रुंदी 10, दशांश 3 अशा डीबीएफ कॉलममध्ये ते ठेवले तर तिसऱ्या अंकावर पूर्णांकन होऊन बिंदू एकेका दिशेला 55 मीटरपर्यंत सरकतो. लहान वावरांत एवढ्याने विहीर बांध ओलांडून शेजाऱ्याच्या गटात जाते. सहा दशांश पुरेसे.

तक्ता पुन्हा बांधताना

आहे त्या तक्त्यात एकेक कॉलम बदलत जाण्याने गोंधळ वाढतो. क्रम असा ठेवावा. मूळ फायली जशाच्या तशा एका कच्च्या तक्त्यात घ्या, सगळे कॉलम टेक्स्ट. इथे काहीच नाकारले जात नाही आणि काहीच हरवत नाही. मग खालील प्रकारांचा पक्का तक्ता तयार करा.

| कॉलम | प्रकार | अट |
|---|---|---|
| गाव कोड | टेक्स्ट | नेमके 6 अंक |
| तालुका कोड | टेक्स्ट | नेमके 5 अंक |
| गट नंबर | टेक्स्ट | रिकामा चालणार नाही |
| गट क्रम | इंटिजर (पूर्णांक) | 0 पेक्षा मोठा |
| क्षेत्र, चौ.मी. | इंटिजर | 0 पेक्षा मोठे |
| एकूण खोली, मी. | न्यूमेरिक 5,2 | 0 पेक्षा मोठी |
| स्थिती | टेक्स्ट | तीनपैकी एक |
| पातळी, मी. | न्यूमेरिक 5,2 | स्थितीशी बांधलेली, एकूण खोलीपेक्षा जास्त नाही |
| मोजल्याची वेळ | वेळ-क्षेत्रासह टाइमस्टँप | भविष्यातली नाही |

कच्च्यातून पक्क्यात ओळी नेताना अट न पाळणाऱ्या ओळी तिसऱ्या, ‘अडलेल्या’ तक्त्यात जाव्यात, सोबत कारणाचा कॉलम: तारीख झालेला गट, एक अंकी दशांश, पातळी खोलीपेक्षा जास्त. ही यादी छापून गावात न्यायची. ओळींची बेरीज जुळली पाहिजे: कच्च्या ओळी म्हणजे पक्क्या अधिक अडलेल्या. कच्च्या तक्त्यातला 0 मात्र यंत्राने ‘कोरडी’ ठरवू नये. ओढ्याकाठच्या विहिरीत ऑक्टोबरमध्ये पाणी खरेच काठापर्यंत असू शकते. त्या ओळीही अडलेल्यांत टाकून मूळ नोंदीशी ताडाव्यात.

डेटाबेस नसेल, फक्त क्यूजीआयएस आणि जिओपॅकेज असेल, तर ‘रिफॅक्टर फील्ड्स’ने प्रकार बदला आणि अटी थराच्या गुणधर्मांत, फॉर्मच्या बंधनांत घाला. ‘स्थिती’ला ‘व्हॅल्यू मॅप’ लावला की टाइप करावे लागत नाही, यादीतून निवडता येते. ही बंधने फक्त त्या फॉर्मपुरती असतात. दुसऱ्या मार्गाने आलेल्या डेटाला ती अडवत नाहीत.

शेवटी शेपफाइलच मागितली जाते, कारण पुढच्या कार्यालयात तीच चालते. ती देताना पातळीच्या कॉलमवर विसंबू नका: स्थितीचा कॉलम नक्की पाठवा, आणि शक्य असेल तर कोरड्या व न मोजलेल्या विहिरींची फाइलच वेगळी काढा, म्हणजे कोणत्याही सॉफ्टवेअरने तिथे शून्य भरला तरी तो मोजलेल्यांत मिसळणार नाही. पातळीला रुंदी 6, दशांश 2, क्षेत्र पूर्णांक, कोड मजकुरात. गावाच्या नावाला 150 बाइट. सोबतची सीपीजी फाइल वगळू नका, तिच्यात यूटीएफ-8 लिहिलेले असते आणि ती नसली की समोरच्याच्या पडद्यावर मराठीऐवजी चिन्हांचा कचरा दिसतो. कॉलमच्या आखूड नावांचा अर्थ, एकक आणि रिकाम्या जागेचा अर्थ सांगणारे एक पानी मराठी पत्रक त्याच झिपमध्ये ठेवा.